माझ्या दारावर आलेला मोर्चा

मोर्च्यांनी काही बदलतं का, असं मुलीने परवा फोनवर विचारलं. ती पनवेलला नोकरीला आहे. तिच्या सोसायटीतल्या बायका रस्त्यासाठी मोर्चा काढणार होत्या, जावं की न जावं हे तिचं ठरत नव्हतं. मी म्हटलं, "बदलतं ना. एका मोर्च्याने तुझ्या आईचं सरपंचपद गेलं." तिला वाटत असावं, आई ते विसरली. मी विसरलेले नाही. कोण कुठे उभी होती, कुणाच्या कमरेवर पितळेची कळशी होती आणि कुणाच्या हातात प्लास्टिकची बादली, हे मला आजही डोळे मिटून सांगता येतं.

आमचं गाव म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना रस्ता सोडून आत आहे. वरच्या अंगाला भातशेती, खाली समुद्राच्या बाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या. माझी पिठाची गिरण आहे. नवरा एसटीत वाहक होता, आता निवृत्त झाला. सरपंच व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. पद बायकांसाठी राखीव झालं आणि माजी सरपंच माझ्या गिरणीत येऊन बसला. इथे मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे. तोंडावर ते कधी जमलं नाही, ती हौस इथे भागवते.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं नाव चांगलं आहे. गिरणीमुळे घराघरात ओळख आहे. तुम्ही उभ्या राहा, बाकी आम्ही बघतो. तुम्ही फक्त सही करायची."

मी उभी राहिले आणि निवडून आले. सह्याही केल्या, पण त्याआधी कागद वाचायला लागले. आमचं बिनसायला सुरुवात तिथेच झाली.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावाला पाणी पुरेना. विहिरीत पाणी होतं, पंप चालत होता, तरी टाकी काही भरत नव्हती. एके दिवशी सकाळी मी विहिरीपासून टाकीपर्यंत लाईनच्या कडेकडेने चालत गेले. वाटेत करवंदीच्या जाळीखाली ओल दिसली. जाळी बाजूला केली तर एक जाड पाईप मुख्य लाईनला जोडलेला आणि उताराने खाली गेलेला. मी त्याच्या मागोमाग गेले. तो सरळ माजी सरपंचाने पर्यटकांसाठी बांधलेल्या कॉटेजेसच्या आवारात शिरला होता. तिथे पोहण्याचा तलाव होता, पाणी निळंशार दिसत होतं आणि मुंबईची एक बाई त्यात पाय सोडून बसली होती. मला बघून ती छान हसली.

त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, "सरपंच, ती लाईन काढायला लागेल. गावाला प्यायला नाही."

"अहो बाई, सीझन आहे. जूनपर्यंत थांबा ना. पाऊस पडला की कुणाला आठवतंय?"

"जूनपर्यंत बायकांनी काय करायचं?"

"बायका करतात काहीतरी. आजवर केलंच आहे की." आणि त्याने सुनेला चहा आणायला सांगितला.

मी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्या जोडाचा कॉक बंद करून साखळी आणि कुलूप लावलं. दोनतीन दिवसांत टाकी भरायला लागली. मला वाटलं, संपलं प्रकरण.

आणि मग टाकी पुन्हा रिकामी राहायला लागली. कुलूप जागेवर होतं, पण पंपच कधी बंद पडायचा, कधी वायर कापलेली सापडायची. दुरुस्त करावं तर पुन्हा बिघाड. कोण करत होतं ते मला कळत होतं, हातात मात्र काही नव्हतं. गावात एक बोलणं फिरू लागलं. माझ्या भावाची सुपारीची वाडी आमच्याच हद्दीत आहे. सरपंचबाई गावचं पाणी भावाच्या वाडीला सोडते, असं ते बोलणं. माझ्या भावाच्या वाडीत स्वतःची विहीर आहे आणि ती गावात प्रत्येकाने बघितली आहे. तरीही.

मोर्चा आला तेव्हा दुपार होती, वैशाखातली. आधी हंड्यांवर चमचे आपटल्याचा आवाज ऐकू आला. मला वाटलं कुणाची वरात आहे. मग वळणावरून बायका दिसल्या आणि घोषणा ऐकू आली, "सरपंचबाई, खुर्ची सोडा!" सगळ्यांत पुढे माझी धाकटी जाऊ होती. आमची घरं एका भिंतीची. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्याजवळ होते. तिच्या डोक्यावर हंडा होता, पदर खोचलेला होता आणि ती असं ओरडत होती की गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

नवरा म्हणाला, "आत ये. दार लाव."

मी दार लावलं नाही. उंबऱ्यात उभी राहिले आणि एकेक चेहरा बघत गेले. त्यातल्या किती जणींचं पीठ मी उधारीवर दळून दिलं, किती जणींच्या अर्जावर पहिली सही माझी, ते सगळं आठवत होतं. मी बोलायचा प्रयत्न केला, "करवंदीच्या जाळीखाली जाऊन बघा गो, मी दाखवते, चला." कुणी ऐकेना. आवाज चढतच गेला. एक पोरगा मोबाईल उंच धरून चित्रण करत होता. जमावाच्या मागे, आंब्याच्या सावलीत, माजी सरपंच मोटरसायकलवर बसला होता. तो ओरडत नव्हता. त्याला ओरडायची गरज नव्हती.

मध्येच एक म्हातारी पुढे आली, उन्हाने लाल झालेली. हळूच म्हणाली, "बाय, वाईच पानी दे." मी आतून तांब्या आणून दिला. ती उभ्यानेच घटाघटा पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं, तांब्या माझ्या हातात दिला आणि मागे जाऊन पुन्हा हात वर केला. "खुर्ची सोडा!"

मग जावेने डोक्यावरचा हंडा उतरवला आणि माझ्या ओट्यावर आदळला. तिचं बघून बाकीच्यांनीही आदळले. एका मातीच्या माठाच्या खापऱ्या माझ्या पायावर उडाल्या. त्या खापऱ्या मी संध्याकाळी एकटीने गोळा केल्या. एकही बाई मदतीला आली नाही. जावेच्या घरात दिवा होता.

आठवड्याभरात सदस्यांनी अविश्वास ठराव आणला. नंतर ग्रामसभेत गुप्त मतदान झालं आणि मी पडले. पोटनिवडणुकीत त्याच्या सुनेसमोर कुणी उभंच राहिलं नाही. सून सरपंच झाली, खुर्चीवर तो बसू लागला. करवंदीच्या जाळीतलं कुलूप कुणी तोडलं ते विचारायची गरजच नव्हती.

लोकांना वाटलं मी रडेन, माहेरी जाईन किंवा देवळात जाऊन शपथ घेईन. मी गिरणीचे गुळगुळीत झालेले दगड टाकवून खरबरीत करून आणले, पट्टा बदलला आणि दुसऱ्या दिवशी गिरण चालू केली. पहिली बाई डबा घेऊन आली, ती मोर्च्यात दुसऱ्या रांगेत होती.

"दळण टाकायचं हुतं."

"तुझं नाही दळणार."

"म्हंजे? गिरण चालू हाय ना?"

"गिरण चालू आहे. तुझ्यासाठी बंद आहे."

ती हसली. थट्टा वाटली तिला. मी डबा उचलून तिच्या हातात दिला तेव्हा तिचं हसू गेलं. त्यानंतर आली तिलाही तेच सांगितलं. ज्या माझ्या दारात आल्या होत्या त्यांचं पीठ मी दळलं नाही. खालच्या मोहल्ल्यातल्या बाया मोर्च्यात नव्हत्या, त्यांचं दळलं. वरच्या आळीतली तीनचार घरं आली नव्हती, त्यांचंही दळलं. गिरणीचा आवाज गावभर जायचा आणि उरलेल्या बायका दळण डोक्यावर घेऊन सहा आसनी रिक्षाची वाट बघत फाट्यावर उभ्या राहायच्या. म्हसळ्याला जाऊन भाकरीचं पीठ आणायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. मी गिरणीच्या खिडकीतून फाटा बघायचे. मला त्याचा आनंद व्हायचा. तो आनंद काही उच्च प्रतीचा नव्हता, पण जेवण गोड लागायचं.

नवरा म्हणाला, "बस झालं आता. गाव आहे. उद्या आपल्याला लागतील माणसं."

"मला लागली तेव्हा कुठे होती?" मी म्हटलं. तो स्वतः तेव्हा दाराआड होता.

मुंबईच्या मंडळाचाही फोन आला. आमच्या गावातले निम्मे पुरुष मुंबईत. त्यांचं मंडळ गावातल्या प्रत्येक गोष्टीत बोलतं. अध्यक्ष गोड बोलत म्हणाले, "वहिनी, गिरण म्हणजे गावची सोय असते."

"मीसुद्धा गावची सोयच होते, भावजी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माजी सरपंचाने यावर तोड काढली. त्याने मोठी घरघंटी आणली आणि पडवीत मांडली. बायकांची रांग त्याच्या पडवीत लागली. सरपंच सुनेच्या नव्या लाद्यांवर पीठ सांडायला लागलं आणि ती चिडचिड करायला लागली. गणपतीच्या आधी मोदकाच्या पिठीसाठी गर्दी झाली, तेव्हा ती घरघंटी तापून बंद पडली. त्या दिवशी मी मोहल्ल्यातल्या एका बाईचं पीठ दळताना मोठ्याने हसले. ती म्हणाली, "क्या हुआ, भाभी?" मी म्हटलं, "काही नाही गो, बाप्पा पावला."

पुढचा उन्हाळा आला आणि पाणी पार गेलं. कॉटेजेसना तलावाशेजारी आता कारंजंही होतं. गावातल्या नळाला दिवसाआड दोन हंडे. मार्च सरता सरता एका दुपारी जाऊ गिरणीत आली. तिच्या हातात डबा होता, तिच्या मुलीचा साखरपुडा जवळ आला होता. मी तिच्याकडे न बघता फळीवरचं पीठ झटकत राहिले.

"ताई," ती म्हणाली, "बायका मोर्चा काढायचा म्हनतात. त्याच्या कॉटेजवर. तू पुढं हो."

"मी कशाला? तुला जमतो की मोर्चा."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. "मला तवाच ठाऊक हुतं," ती म्हणाली, "तुज्या भावाच्या वाडीत पानी जात न्हाय ते."

मी गिरण बंद केली.

"ठाऊक होतं?"

"व्हय. त्यो म्हनला, तुज्या पोराला कॉटेजवर मॅनेजर करतो. पुढं चाल फकस्त."

"केलं का मॅनेजर?"

"झाडलोट करून घेतो."

खरं सांगते, मला फसवून मोर्च्यात नेलं असं तिने सांगितलं असतं, तर मी विरघळले असते. पण तिला माहीत होतं, हे ऐकल्यावर जे पेटलं ते आजही विझलेलं नाही. ती रडत होती. मी तिला पाणी दिलं नाही, जवळही घेतलं नाही.

"मी मोर्च्यात येणार नाही," मी म्हटलं. "तू पुढे राहायचं. आणि त्याच्या फाटकासमोर, सगळ्यांदेखत, माइकवर आत्ता बोललीस ते बोलायचं. मग तुझं दळण दळते."

"माज्या पोराची नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे."

मोर्चा निघाला. मी सुरूच्या झाडांखाली उभी राहून लांबून बघत होते. त्याच बायका, तेच हंडे, तेच चमचे. फाटकाआत पाहुणे मोबाईल काढून चित्रण करत होते, त्यांना गंमत वाटत होती. जावेच्या हातात माइक आला आणि ती बोलली. सगळं बोलली. माझं नाव घेऊन बोलली. बायकांची कुजबुज थांबली आणि काही जणी मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी नजर वळवली नाही. बघू दिलं.

मग फाटक उघडून तो बाहेर आला. हात जोडून. म्हणाला, "आयाबहिणींनो, मी तुमचाच आहे." नोकरांनी खोके आणले आणि थंडगार पाण्याच्या बाटल्या वाटल्या. बायकांनी घेतल्या. काय करतील, घसे सुकले होते. त्याने टँकरचा शब्द दिला. टँकर आला, आठवडाभर येत राहिला, मग यायचा बंद झाला. लाईन तिथेच राहिली. जावेच्या मुलाला दुसऱ्याच दिवशी काढलं.

त्या दिवसांत मी खूप विचार केला. माझ्यावरचा मोर्चा खोटा होता आणि आठवड्यात माझी खुर्ची गेली. हा मोर्चा खरा होता आणि त्याने काय मिळालं, तर बाटल्या. मग लक्षात आलं, माझ्या दारात हंडे वाजत होते तेव्हा अविश्वास ठराव टाईप होऊन तयार होता आणि सदस्यांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. मोर्चा फक्त वाजवायला आणला होता. आमच्या मोर्च्यामागे काहीच नव्हतं. आम्ही वाजवलं आणि घरी आलो.

मी गिरण सगळ्यांना उघडली. माफी म्हणून नव्हे. दळण होईपर्यंत बाई तिथे थांबते, आणि गिरण धडधडत असली की शेजारच्या कानात बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही. निवडणुकीला वर्षही उरलं नव्हतं. मी प्रत्येकीशी बोलले. कोणत्या प्रभागात कोण उभं राहील, कुणाचा नवरा फुटेल, मुंबईहून मतदानाला कुणाला आणायचं, सगळं पिठाच्या धुरळ्यात ठरलं. सरपंचपदाला मी उभी राहणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मी जावेला उभी केली.

"मला?" ती म्हणाली. "माज्यावर इस्वास ठेवतेस?"

"नाही," मी म्हटलं. "पण तू तोंड उघडलंस ते सगळ्यांनी ऐकलंय. मतं तुला पडतील."

पडली. त्याची सून हरली, त्याचे सदस्यही एक सोडून सगळे गेले. निकालाच्या दिवशी मी गुलाल लावून घेतला नाही. माझा दिवस अजून यायचा होता.

तो आला लाईन कापायच्या दिवशी. या वेळी ठराव रीतसर झाला होता, पंचनामा झाला होता, सगळं कागदावर होतं. करवंदीची जाळी तोडून काढली, पाईप उघडा पडला. प्लंबरने करवत लावली तसा माजी सरपंच धापा टाकत वर आला. बरोबर मोटरसायकल नव्हती, चढण पायी चढून आला होता. त्याने जावेकडे बघितलंही नाही. माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, बुकिंग आहे माझं. पाहुणे आहेत. दोन दिवस द्या."

"नाही."

"हा सूड आहे तुमचा. गावाच्या पाण्याचं नाव सांगू नका."

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना वाटलं मी आता गावाच्या हक्काबद्दल बोलेन, न्यायाबद्दल बोलेन. ते सगळं खरंही होतं.

"होय, सूडच आहे," मी म्हटलं. प्लंबरला म्हटलं, "काप."

पाईप कापला गेला तेव्हा आतलं उरलेलं पाणी उसळून बाहेर आलं आणि त्याच्या बुटांवर गेलं. तो तसाच ओल्या बुटांनी खाली गेला. मी घरी येऊन मनापासून जेवले आणि दुपारी झोपले. इतकी गाढ झोप मला वर्षा-दोन वर्षांत लागली नव्हती.

आता त्याची कॉटेजेस टँकरवर चालतात. टँकर माझ्या गिरणीवरून जातो, आणि तो गेला की मी हातातलं काम थांबवून बघते. गावाला पाणी रोज येतं, पण मे महिन्यात अजूनही कमी पडतं, कारण विहिरीचंच पाणी उतरतं. नवी विहीर हवी, ती मंजूर होत नाही. मोर्च्याने मंजूर होईल का? मुलीला मी म्हटलं, जा तू तुमच्या मोर्च्याला, पण आधी विचार, संध्याकाळी घरी आल्यावर पुढचं काम कुणाच्या हातात आहे. ते कुणाच्याच हातात नसेल तर चप्पल झिजवू नकोस.

गेल्या आठवड्यात जाऊ आली होती. सरपंच झाल्यापासून ती साडी नीट नेसते, फोन पर्समध्ये ठेवते. आमच्यात बोलणं आहे, येणंजाणं आहे. तिच्या मुलीच्या लग्नात मी मिरवलेसुद्धा. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "ताई, खालच्या आळीत बायका कायतरी बोलतात पान्यावरनं. माज्या दारात येतील काय गो?"

"येतील," मी म्हटलं.

"मंग तू काय करशील?"

"हंडा घेईन," मी म्हटलं, "आणि पुढे चालेन."

ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिनेही हसू आवरलं आणि नव्या विहिरीचा कागद कुठे अडकलाय ते विचारायला लागली.